गाडीच्या पोटातला "खट्ट" : जुन्या मॅन्युअल गाडीत तो कुठून येतो ते कसं शोधायचं

साताऱ्याचा बोगदा ज्यांना माहितीय त्यांना लगेच कळेल. सज्जनगडावरून परत येत होतो, बोगद्यात पुढं एक टेम्पो थांबला म्हणून थांबलो, परत फर्स्टला टाकून क्लच सोडला आणि गाडीच्या पोटात "खट्ट" झालं. उघड्यावर हाच आवाज दोन महिने येत होता पण मी गाणी मोठी लावून दिवस काढत होतो, बोगद्यात मात्र तो भिंतीवर आपटून असा काही परत आला की मागच्यानं ठोकली असं समजून मी आरशात बघितलं. मागं कुणीच नव्हतं. शेजारी भाचा बसलेला, तो म्हणाला, "मामा, आवाज आपलाच आहे."

गाडी म्हणजे हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा, १.८ लिटर इसुझुचं इंजिन, पाच गिअर, एमएच ११ पासिंग. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का यावर कुणाला भांडायचं असेल तर भांडा, आमच्या कॉलेजच्या काळात लांब बॉनेट आणि मागच्या चाकांना ताकद एवढं असलं की आमच्यासाठी ती स्पोर्ट्स कारच होती. २००२ ला ही गाडी बनायची बंद झाली, म्हणजे सगळ्यात नवीन कॉन्टेसासुद्धा आता वीस वर्षांच्या वर गेलीय आणि रबर, ग्रीस, बेअरिंगचे छर्रे यांना वय असतंच. खाली जे लिहितोय ते पुढं इंजिन, मधे लांब शाफ्ट आणि मागं डिफरन्शिअल (शाफ्टची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरांचा डबा) असलेल्या कुठल्याही जुन्या मॅन्युअल गाडीला चालतं. फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि नव्या धाटणीच्या स्पोर्ट्स गाड्यांचं शेवटी थोडक्यात सांगतो.

आधी माझी चूक सांगतो म्हणजे तुमची वाचेल. मी गाडी सरळ एका गॅरेजला नेली, त्यांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले गिअरबॉक्स गेलाय. मी मान डोलावली. गिअरबॉक्स उतरला, उघडला, दोन बेअरिंगा बदलल्या, ११,००० रुपये झाले, गाडी बाहेर काढली आणि गॅरेजच्या दारातच, रस्त्यावर यायच्या आधी, खट्ट. तेव्हा ठरवलं की आता पाना हातात घ्यायच्या आधी आवाज कुठं आहे ते स्वतः बघायचं, मग लागेल तितका वेळ लागू दे.

हा आवाज होतो कसा ते समजून घ्या, कारण ते एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं जातं. आपल्याकडं हंगामात शेंद्र्याच्या कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर जातात ते बघितलेत ना, एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रेलर. ट्रॅक्टर थांबून परत हलला की पहिल्या ट्रेलरची पिन खाड, मग दुसऱ्याची खाड. पिन आणि हुकात थोडी ढिलाई असते, ती आधी संपते, मग दणका बसतो, मग ओढ लागते. तुमच्या गाडीत तसंच आहे, फक्त ट्रेलर जास्त आहेत. क्लच प्लेटच्या स्प्रिंगा, गिअरचे दात, शाफ्टचे स्प्लाइन (एकात एक सरकणारे लांब दात), पुढचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा चार पायांचा, वाकणारा सांधा), मागचा क्रॉस, पिनियन आणि क्राऊन (डिफरन्शिअलचा लहान आणि मोठा गिअर), डिफरन्शिअलच्या आतले छोटे गिअर, हाफ शाफ्टचे (डिफरन्शिअलपासून चाकापर्यंतच्या दांड्यांचे) स्प्लाइन, आणि हे सगळं ज्या रबरांवर टांगलंय ती रबरं. प्रत्येकात थोडा थोडा प्ले, म्हणजे ढिलाई. नवीन गाडीतसुद्धा असतो, दातांत फट ठेवावीच लागते, नाहीतर गरम झाल्यावर गिअर जाम होतील. सगळ्यांचा मिळून प्ले वाढला की रेस दिली-सोडली की खट्ट. म्हणून "कुठला पार्ट गेला" असा प्रश्न घेऊन खाली शिरू नका, "सगळ्यात जास्त ढिलाई कुठल्या दोन पार्टच्या मधे आहे" हे शोधायचंय, आणि ते बहुतेक वेळा काहीही न उघडता सापडतं.

तर पहिलं काम ऐकायचं. रविवारी सकाळी जुन्या एमआयडीसीत रस्ते मोकळे असतात, मी तिथं गेलो. यवतेश्वर घाटात हे करू नका, आणि कासच्या फुलांच्या दिवसांत तर अजिबात नको, मागनं पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि तुम्ही रेस सोडताय-देताय. एखाद्या कंपाउंडच्या लांब भिंतीशेजारून काचा खाली करून गाडी चालवा, भिंत आवाज परत पाठवते, मला बोगद्यानं हेच फुकट शिकवलं होतं. तिसऱ्या गिअरला ३०-४० च्या स्पीडला रेस सोडा, परत द्या, सोडा, द्या. मग फर्स्टला चालत्या माणसाच्या स्पीडनं तेच. मग थांबून फर्स्ट, थोडं पुढं, रिव्हर्स, थोडं मागं. एक माणूस मागच्या सीटवर बसवा, ज्याचे कान तरुण आहेत असा, कारण चाळिशीनंतर आपल्याला दिशा नीट कळत नाही हे मी भाच्यापुढं मान्य केलंय. वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका. कुठल्या गिअरला, थंड असताना का गरम झाल्यावर, सरळ का वळणावर, एकदाच का चाकाच्या फेऱ्याबरोबर परत परत.

या वहीतनंच निम्मं उत्तर मिळतं. रेस देता-सोडताना एकदाच खट्ट होत असेल तर ती ढिलाई, म्हणजे आपला विषय. स्पीडबरोबर वाढत जाणारी टिक टिक टिक असेल तर सुकलेला क्रॉस किंवा सीव्ही जॉइंट (फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये चाकाच्या दांड्याचा वळणारा सांधा). रेस सोडून न्यूट्रलला टाकून खड्ड्यातनं नेली आणि तरी आवाज आला तर तो शॉकॉबचा (शॉक ॲब्सॉर्बरचा), नाहीतर बुशचा (सांध्यातल्या रबरी नळीचा), ड्राइव्हट्रेनच्या मागं लागू नका. गाडी थांबता थांबता किंवा थांबून निघताना मागनं एक जड ठोका येत असेल तर सरकता स्प्लाइन सुकलेला असतो, त्याचं पुढं बघू. मागं घेऊन पुढं आल्यावर पहिल्याच ब्रेकला कट्ट होत असेल तर ब्रेकचे पॅड जागेवर सरकतायत, पॅड बसवताना क्लिपा न टाकणारे फिटर आपल्याकडं लय आहेत. आणि स्पीडला खट्ट नाही पण सीटखाली थरथर येत असेल तर शाफ्टचा बॅलन्स नाहीतर क्रॉस, आणि रेस दिल्यावर "हूंऽऽ" असा सूर येत असेल तर पिनियनचं बेअरिंग किंवा क्राऊन-पिनियनचे दात.

आता हसू नका, पण पुढचं काम डिकी रिकामी करायचं. जॅक, टॉमी, स्टेपनी, गाडीत असतातच त्या दोन पाण्याच्या बाटल्या, सगळं बाहेर. माझ्या ओळखीत एकानं डिफरन्शिअलची चौकशी करत कोल्हापूर गाठलं होतं आणि आवाज स्टेपनीचा बोल्ट सैल झाल्याचा निघाला. मग चाकांचे नट ताणून बघा, चारी चाकांचे. मग गाडीखाली वाकून थंड सायलेन्सरला धरून जोरात हलवा, तो शाफ्टला, ॲक्सलला किंवा बॉडीला लागतोय का. रेस दिल्यावर इंजिन हलतं, इंजिनाबरोबर सायलेन्सरचा पाइप हलतो, टांगायची रबरं तुटलेली असली की तोच पाइप वर आपटतो आणि आवाज हुबेहूब गिअरबॉक्समधनं आल्यासारखा येतो. जिथं आपटतो तिथं पत्र्यावर चकचकीत घासलेली खूण असते, टॉर्च मारून बघा.

आणखी एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. ढिलाई जुनीच असते पण दणका द्यायला कुणीतरी लागतं, आणि ते काम कार्ब्युरेटर करतो. रेस दिल्यावर क्षणभर इंजिन दम खातं आणि मग एकदम उसळतं, किंवा ॲक्सिलरेटरची केबल ढिली आहे म्हणून पहिले दोन बोटं पॅडल रिकामं जातं आणि मग एकदम पकडतं. असं असेल तर शाफ्टखाली झोपायच्या आधी कार्ब्युरेटरचा ॲक्सिलरेटर पंप बघा, टायमिंग बघा, केबल ताणा, आयडलिंग नीट करा. माझ्या गाडीत नुसता कार्ब्युरेटर साफ करून पंपाचा डायफ्राम बदलल्यावर आवाज गेला नाही पण दणका हलका झाला, वीस-पंचवीस टक्के म्हणा.

आता फाउंडेशन, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग. हे दोन माणसांचं काम आहे. बॉनेट उघडा, हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकांना पुढं-मागं उटी (ठोकळे) लावा. एक जण आत बसून फूटब्रेक घट्ट दाबून फर्स्टला टाकतो आणि क्लच एवढाच सोडतो की इंजिनावर ओझं येईल, मग लगेच परत दाबतो. दोन-तीन सेकंद, त्यापेक्षा जास्त नको, क्लच जळतो. दुसरा माणूस मडगार्डच्या बाजूला उभा राहून बघतो. बाजूला म्हणतोय, गाडीच्या पुढं नाही आणि मागं नाही, ब्रेक सुटला तर उडी मारायला वेळ मिळत नाही. मग हेच रिव्हर्सला. फर्स्टला इंजिन एका बाजूला झुकतं, रिव्हर्सला दुसऱ्या, म्हणून दोन्ही करावं लागतं. थोडं डोलणार, रबरावर आहे म्हटल्यावर डोलायलाच हवं, पण एक बाजू इंचभर उचलली जाते आणि ठक्कन खाली बसते असं दिसलं तर रबर लोखंडापासून सुटलंय.

गिअरबॉक्सचं फाउंडेशन वरनं दिसत नाही. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घेऊन (नुसत्या जॅकवर कधीच नाही, हे मी एकदाच सांगणार) गिअरबॉक्सच्या शेपटाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकनं हळूच अर्धा इंच उचला आणि रबराकडं बघा. चांगलं असेल तर रबर ताणलं जातं. गेलेलं असेल तर रबर आणि पट्टीच्या मधे फट उघडते, तोंड उघडल्यासारखी. माझं तोंड उघडलं. आणि का उघडलं तेही तिथंच दिसत होतं, गिअरबॉक्सच्या मागच्या ऑइल सीलमधनं थेंब थेंब ऑइल कित्येक वर्षं त्या रबरावर पडत होतं, रबर फुगून जिलेबीसारखं मऊ झालं होतं, नखानं तुकडा निघत होता. म्हणजे नुसतं रबर बदलून चालणार नव्हतं, सील न बदलता नवीन रबर टाकलं असतं तर दोन वर्षांनी परत तेच. आणि गंमत बघा, ज्यांनी ११,००० घेऊन गिअरबॉक्स उतरवला होता त्यांनी हेच फाउंडेशन हातानं काढून परत लावलं होतं.

मूळ रबर मिळेना, मग जुन्या लोखंडी पट्टीवर नवीन रबर चिकटवून भाजून घेतलं, कोल्हापूरला करून देतात. रबर फार कडक करून घेऊ नका, आवाज जातो पण सगळी थरथर स्टिअरिंगवर येते.

हे केल्यावर माझा आवाज निम्मा झाला. निम्मा राहिला. इथं खरं शोधकाम सुरू होतं आणि यासाठी लागतो एक रुपयाचा खडू.

मागची दोन्ही चाकं वर, घोडे ॲक्सलखाली, पुढच्या चाकांना उटी, इंजिन बंद, सायलेन्सर थंड. शाफ्टवर खडूनं एक रेघ मारा आणि तिच्या बरोबर समोर न हलणाऱ्या कुठल्यातरी भागावर दुसरी. आता गिअर न्यूट्रलला ठेवा आणि हँडब्रेक ओढा (हँडब्रेक मागच्या चाकांवरच आहे ना ते आधी बघा, काही गाड्यांत नसतो). शाफ्ट हातानं डावीकडं अडेपर्यंत फिरवा, मग उजवीकडं अडेपर्यंत. चाकं बांधलेली आहेत आणि गिअरबॉक्सकडची बाजू मोकळी आहे, त्यामुळं ही जी हालचाल दिसतेय ती फक्त मागच्या अर्ध्या भागाची : मागचा क्रॉस, डिफरन्शिअल, हाफ शाफ्ट. रेघ किती सरकली ते पट्टीनं मोजा. मग उलटं करा. हँडब्रेक सोडा, गिअरला टाका, परत शाफ्ट दोन्हीकडं फिरवा. आता पुढची बाजू इंजिनानं धरून ठेवलीय आणि चाकं मोकळी आहेत, म्हणजे हाताला जो टक्कन अडसर लागतो तो पुढच्या भागाचा : गिअरबॉक्स, स्प्लाइन, पुढचा क्रॉस. फर्स्टला बघा आणि चौथ्यालाही बघा, क्लच प्लेटच्या स्प्रिंगांचा प्ले चौथ्याला जास्त कळतो.

एवढं केलं की गाडीचे दोन तुकडे झाले, काहीही न उघडता.

मिलिमीटरचा अर्थ कसा लावायचा ते सांगतो. शाफ्टची जाडी ७० मिमी धरली तर घेर २२० मिमीच्या आसपास, म्हणजे रेघ १० मिमी सरकली तर शाफ्ट साधारण १६ अंश फिरला. ऐकायला खूप वाटतं पण डिफरन्शिअलचं प्रमाण ४ च्या जवळ असतं, त्यामुळं तेच १६ अंश चाकापर्यंत पोचता पोचता ४ अंश होतात. म्हणून चाक हलवून प्ले शोधण्यापेक्षा शाफ्ट हलवून शोधणं सोपं. माझ्याकडं पुढचा भाग ३ मिमी आणि मागचा ९ मिमी आला. गिअरबॉक्स निर्दोष सुटला. भाचा खाली आडवा पडून खडूच्या रेघेला नाक लावून बसला होता आणि मी शाफ्ट फिरवत होतो, तो एकदम म्हणाला, "मामा, शाफ्ट फिरतोय पण मागची फ्लँज फिरत नाहीये."

हेच बघायचं असतं. एक हात शाफ्टवर, एक हात पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जिला बोल्टनं जोडलेला असतो ती चकती), आणि दोन्ही उलट दिशेनं पिळायचे. चांगल्या क्रॉसमध्ये डोळ्याला दिसेल अशी हालचाल शून्य असते. थोडी नाही, शून्य. मग टॉमी घालून वर-खाली उचकून बघा. क्रॉसच्या वाटीभोवती (प्रत्येक पायावरचं सुयांच्या बेअरिंगचं टोपण) तपकिरी-लाल बारीक पावडर दिसली तर ग्रीस कधीच संपलंय आणि आता लोखंड लोखंडाला खातंय. फ्लँजचे चार बोल्टही ताणून बघा, सैल असेल तर बोल्टच्या भोवती घासल्याची चमक असते आणि तेवढ्यानंच आवाज जाऊ शकतो, तुमचं नशीब असेल तर.

शाफ्ट काढायच्या आधी फ्लँजवर आणि शाफ्टवर पंचानं ठिपके मारून घ्या, परत त्याच जागी बसला पाहिजे. गिअरबॉक्सच्या शेपटाखाली डबा ठेवा, शाफ्ट बाहेर आला की काही गाड्यांत तिथनं ऑइल पडतं आणि ते बरोबर तुमच्या बगलेत पडतं. बाहेर काढल्यावर क्रॉस हातानं चारी दिशांना वाकवा. लोण्यासारखा फिरायला हवा. सरळ स्थितीत येताना खाचेत बसल्यासारखा अडकत असेल तर गेला. माझा अडकत होता. सर्क्लिप (वाटी अडवणारी स्प्रिंगची कडी) काढून, एका बाजूला लहान गोटी (पान्याचा सॉकेट) आणि दुसऱ्या बाजूला मोठी गोटी लावून व्हाइसमध्ये दाबून वाटी बाहेर काढली तर आत सुया नव्हत्याच, म्हणजे होत्या पण चार-पाच, बाकी लाल भुगा, ओंजळीत घेतला तर कुंकवासारखा. आणि क्रॉसच्या पायावर सुयांचे वळ उठले होते, छडीचे उठतात तसे, एकाशेजारी एक. हाताच्या बोटाला लागत होते. वर्षानुवर्षं सरळ रस्त्यावर चालल्यावर सुया एकाच जागी बसून बसून लोखंडात खड्डे पाडतात.

नवीन क्रॉस घेताना गाडीचं नाव सांगून उपयोग होत नाही, दुकानदार मान हलवतो. व्हर्निअर घेऊन वाटीचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन वाट्यांच्या बाहेरच्या टोकांमधलं अंतर मोजा, ०.१ मिमीपर्यंत, सर्क्लिप बाहेरून आहे का आतून ते बघा, आणि जुना क्रॉस खिशात घालून पुण्याला नाना पेठेत जा. माप जुळलं की तो कुठल्या गाडीचा आहे याच्याशी आपल्याला काही देणं-घेणं नाही. ग्रीस निप्पलवाला मिळाला तर तोच घ्या.

बसवताना सगळ्यात जास्त वाट लागते ती एका सुईनं. वाटीत सुया ग्रीसनं चिकटवलेल्या असतात, त्यातली एक आडवी पडली की वाटी शेवटचे दोन-तीन मिमी आत जात नाही आणि माणूस हातोडा उचलतो. हातोडा उचलू नका. वाटी काढा, सुई उभी करा, परत बसवा. बसल्यावर क्रॉस जड फिरत असेल तर शाफ्टच्या कानावर (क्रॉस ज्यात बसतो त्या टोकावर) तांब्याच्या किंवा लाकडी हातोड्यानं हलकेच एक-दोन टोले द्या, मोकळा होतो. आणि शाफ्ट मधेच स्प्लाइनवर दोन तुकड्यांत सुटत असेल तर दोन्ही टोकांचे कान एकाच रेषेत आले पाहिजेत. एक दात चुकला तरी गाडी ६० ला थरथरायला लागते, आणि मग लोक चाकं बॅलन्स करत फिरतात.

शाफ्ट बाहेर आहेच तर स्प्लाइन पुसून, पेट्रोलनं धुऊन बघून घ्या. रेस दिली-सोडली की मागचा ॲक्सल थोडा पुढं-मागं होतो, शाफ्टची लांबी तेवढी कमी-जास्त व्हायला लागते आणि ते काम सरकता स्प्लाइन करतो. तो सुकला की अडकतो, अडकतो आणि एकदम सरकतो, सिग्नलला थांबून निघताना येणारा तो जड ठोका हाच. बॉम्बे रेस्टॉरंट चौकात ज्यांना दर सकाळी हा ठोका ऐकू येतो त्यांनी दुसरं काही करायच्या आधी स्प्लाइनला ग्रीस लावून बघावं. दातांच्या कडा धारदार झाल्या असतील, हाताला करवतीसारख्या लागत असतील, तर मात्र ग्रीसनं भागणार नाही. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं बेअरिंग ज्या रबरात बसवलेलं असतं ते फाटलंय का तेही आत्ताच बघा.

डिफरन्शिअलवर लोक लय लवकर आरोप करतात. ते सगळ्यात शेवटी, कारण उघडायला सोपं आणि परत बरोबर बसवायला अवघड. न उघडता एवढं करता येतं. ऑइलची पातळी बघा. ड्रेन बोल्ट काढून ऑइल पांढऱ्या कापडावर घ्या, राखाडी पेस्ट असेल तर वयाप्रमाणं ठीक, पण चमचम करणारे तुकडे किंवा दाताचा कोपरा मिळाला तर मग उघडायलाच लागतंय. पिनियनची फ्लँज धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. गोल फिरण्यात प्ले असणारच, पण वर-खाली अजिबात नसावा, असेल तर बेअरिंग किंवा पिनियनचा नट सैल. तो नट मात्र उत्साहात ताणू नका, बऱ्याच गाड्यांत त्याच्या आत चेपणारी नळी असते आणि बेअरिंगवर किती दाब राहणार ते त्या नटावर ठरतं, पाव फेरा जास्त झाला की हजार किलोमीटरात सूर लागतो.

क्राऊन-पिनियनमधली फट ०.१ ते ०.२ मिमीच्या आसपास ठेवलेली असते, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. इतक्या कमी फटीतनं एवढा मोठा खट्ट येत नाही. जुन्या डिफरन्शिअलमध्ये प्ले बहुतेक आतल्या छोट्या गिअरच्या मागच्या वॉशरांत आणि हाफ शाफ्टच्या स्प्लाइनमध्ये असतो. हे मला साताऱ्याच्या कूपर कंपनीतनं रिटायर झालेल्या एका काकांनी सांगितलं, आयुष्य लेथवर गेलेला माणूस, मी फट मोजायचा डायल गेज मागायला गेलो तर त्यांनी आधी मला खाली बसवून चहा दिला आणि विचारलं, "वॉशर बघितलेस का?" बघितले नव्हते. क्राऊन-पिनियन एकमेकांना घासून एकमेकांचे झालेले असतात, त्यांना हात न लावता नुसते वॉशर बदलता येतात. ऑइल टाकताना ९० नंबर जीएल-५ (डब्यावर लिहिलेला ऑइलचा प्रकार) डिफरन्शिअलला, आणि तेच गिअरबॉक्समध्ये ढोसू नका, जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना काही जीएल-५ ऑइलं मानवत नाहीत.

मागचा ॲक्सल ज्या आर्मनी किंवा पाट्यांनी धरलाय त्यांचे बुश उरले. क्लच सोडला की ॲक्सल पिळला जातो आणि बुश गेलेला असेल तर तो पिळ ठोका देऊन थांबतो. हे बघायला कुणी चालू गाडीखाली शिरू नये म्हणून सांगतो, मोबाईल व्हिडिओला लावून विटेला टेकवून गाडीशेजारी जमिनीवर ठेवा, तोंड ॲक्सलकडं, आणि गाडी एक फूट पुढं एक फूट मागं करा. स्लो मोशनमध्ये बघितलं तर बुशमधला बोल्ट उडी मारताना दिसतो.

तारांच्या चाकांची जुनी एमजी वगैरे कुणाकडं असेल तर त्यांचं वेगळंच आहे, ते चाकच हबवर स्प्लाइननं बसतं. चाक वर घेऊन एकाला फूटब्रेक दाबायला सांगा आणि चाक पुढं-मागं हलवा, हब जागेवर आणि चाक हललं तर खट्ट तिथंच आहे.

स्वतंत्र सस्पेन्शनवाल्या गाड्यांत डिफरन्शिअल बॉडीला किंवा सबफ्रेमला रबरावर टांगलेलं असतं, त्यामुळं सुरुवात त्या बुशांपासून. माझदा एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल जोडणारी एक लांब फ्रेम असते, तिचे बोल्ट बघा. जुन्या बीएमडब्ल्यूत शाफ्टच्या पुढच्या टोकाला क्रॉसऐवजी रबराची जाड चकती असते, तिला बोल्टच्या भोवती चिरा पडतात, आणि ई४६ (थ्री सिरीजचं जुनं मॉडेल) असेल तर मागची सबफ्रेम जिथं बसते तिथला पत्रा चिरलाय का ते आधी बघा, मग बाकी. ड्युअल मास फ्लायव्हील (स्प्रिंगांनी जोडलेलं दोन भागांचं) असेल तर ते गेल्यावर इंजिन बंद करताना खडखडतं. फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे फियाट पॅलिओ जीटीएक्स, जुनी होंडा सिटी व्हीटेक वगैरे, त्यात लांब शाफ्टची भानगडच नाही, बहुतेक वेळा इंजिनाचं फाउंडेशन नाहीतर टॉर्क रॉडचा (इंजिनाला डोलू न देणाऱ्या दांड्याचा) बुश, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून रेस दिल्यावर कट कट कट झालं तर बाहेरचा सीव्ही जॉइंट.

आमच्या गाडीचा मागचा क्रॉस बदलल्यावर खडूची रेघ ९ वरून ५ मिमीवर आली. ते ५ मिमी डिफरन्शिअलचे आहेत, वॉशरांचे असावेत. ऑइलमध्ये तुकडे नाहीत, सूर नाही, फ्लँज वर-खाली हलत नाही, म्हणून मी ते उघडलं नाही. वहीत तारीख आणि "मागं ५" असं लिहून ठेवलंय, दिवाळीत परत मोजणार, ७ झालं तर काकांकडं जायचं. फ्लँजचे बोल्ट ५०० किलोमीटरनंतर एकदा परत ताणून घेतले, दोन बोल्ट पाव-पाव फेरा गेले.

परवा बोगद्यात मुद्दाम थांबलो. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता त्यामुळं नीट ऐकू आलं नाही.